एका हाताने उचलेल तेवढंच

शिडी धरायचं काम माझ्याकडे होतं. खरं तर ती शिडी कुणाला धरावी लागत नाही. छताच्या झडपेतून घडी उलगडत खाली येते आणि पक्की टेकते. पण सून वर चढणार आणि मी खुर्चीत बसून बघणार, हे मला जमेना, म्हणून हर्षानेच मला ते काम नेमून दिलं. आधी तिचे पाय दिसत होते. मग तेही वर गेले आणि झडपेच्या अंधारात टॉर्चचा उजेड हलू लागला.

"आई, इथे लोकर अंथरलीय," ती वरून म्हणाली. "चांगली वीतभर. नव्या गादीसारखी फुगलेली आहे."

"मग ठेवून दे त्याच्यावरच खोकी," माझा मुलगा रत्नदीप खालून म्हणाला. "सामान गादीवर झोपेल, आपण जमिनीवर."

वरून उत्तर आलं नाही. हर्षा विचार करत असली की उत्तर देत नाही. पाणी गाळण्याच्या पडद्यांवर ती संशोधन करते, आणि तिथेही अशीच गप्प बसत असणार. रत्नदीप चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याला शांतता सहन होत नाही. दोघांचा संसार बरा चाललाय तो त्यामुळेच.

त्या लोकरीचं महत्त्व सांगायचं तर आधी माझ्या खोलीचं सांगायला हवं.

पूर्वी आम्ही इथेच, शहराच्या दुसऱ्या भागात सेंगकांगला राहायचो, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. माझ्या खोलीची भिंत पश्चिमेची. दुपारी दोनपासून ती तापायला लागायची आणि मी झोपेपर्यंत निवायची नाही. एसी लावला तर माझे गुडघे आखडतात, सकाळी पलंगावरून उतरताना कुणाचा तरी हात लागतो. एसी बंद केला तर झोप नाही. मग मी माझ्या जुन्या सवयीने टॉवेल ओला करून छातीवर टाकायची. हर्षा कामावरून आली की खोलीच्या दारातून आधी तो टॉवेल बघायची. दोन वेळा मी इथे राहायचा पास संपायच्या आत मायदेशी, नागपूरला माझ्या मुलीकडे, शुभदाकडे निघून गेले. इथे माझी नात एकता मोठी होत होती आणि मी तिकडे फोनवर तिचा चेहरा बघत होते.

मागच्या वर्षी त्यांनी बुकित पंजांगच्या कडेला, एलआरटी या छोट्या रेल्वेच्या रुळांपलीकडे हे घर भाड्याने घेतलं. एकमजली, रांगेतलं, कौलारू. मालकीण गोह आंटी याच रांगेत चार घरं सोडून राहतात. या घराच्या मागच्या खोलीत त्यांची आई नव्वदी ओलांडेपर्यंत राहिली. तिलाही एसी चालत नव्हता, म्हणून आंटींनी छतावर आतून ही ऊन अडवणारी काचेची लोकर अंथरून घेतली होती. मी फेब्रुवारीत आले, त्या खोलीत पहिल्या दुपारी आडवी झाले आणि चहाच्या वेळेला एकताने हलवून उठवलं. टॉवेल खुंटीवर कोरडा होता. हर्षाने तो पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच शिरा केला.

तरी माझं परतीचं तिकीट जूनचं होतं. इथला एप्रिल-मे कसा असतो ते मला ठाऊक होतं. मी रत्नदीपला सांगून ठेवलं होतं, "हा उन्हाळा त्या खोलीत निघाला तर तिकीट रद्द कर. नाही निघाला तर मी जाते, आणि मग पुन्हा या वयात ये-जा नको." तो म्हणाला, "बघू."

आणि नेमका तेव्हाच सुगतचा फोन आला.

सुगत म्हणजे आमच्या मंडळाचा कोठीवाला. आम्ही मराठी बौद्ध कुटुंबं महिन्यातून एकदा वंदनेला जमतो, चौदा एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा हॉल घेऊन करतो. पताका, कागदी कंदील, पांढरी वस्त्रं, बॅनर, मेणबत्त्या, खिरीची पातेली, पुस्तकं, सगळं त्याच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये असायचं. इथे प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची अशी एक खोली असते, युद्धासाठी बांधलेली. आमच्या लोकांनी तिचा माळा करून टाकलाय. तर सुगतला पुण्यात नोकरी मिळाली होती आणि तो चौदा एप्रिलनंतर जाणार होता.

"काकू, जय भीम. तुमच्याकडे आता मोठं घर आहे म्हणे," तो म्हणाला.

"घर मोठं नाही रे, छत मोठं आहे," मी म्हटलं.

बाकी सगळे फ्लॅटवाले, भरलेले. सामान आमच्याकडे येणार हे ठरल्यासारखंच होतं. मी म्हटलं, माझ्या खोलीत ठेवा, पलंगाभोवती रचा, मला कुठे नाचायचंय. हर्षाने पहिल्यांदा आवाज चढवला. "तुमच्या खोलीत एकही खोकं येणार नाही, आई." म्हणून ती शिडी, तो टॉर्च.

खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत धूळ होती. तिने पाणी प्यायलं आणि मग सांगितलं. छताच्या तुळया उंचीला कमी आहेत आणि लोकर त्यांच्याही वर आलीय. तुळयांवर थेट फळ्या ठोकल्या तर लोकर दबणार.

रत्नदीपने एका कॉन्ट्रॅक्टरला विचारलं होतंच. तो तेच करणार होता, अर्ध्या दिवसात.

"दबू दे ना थोडी," रत्नदीप म्हणाला. "लोकरच आहे. मऊ असते."

"तिच्यात हवा आहे म्हणून ती काम करते. दाबली की हवा गेली. हवा गेली की ऊन खाली."

मला माझी आई आठवली. कामठीला आमचं टिनाचं घर होतं. टिनाखाली बांबूचा तट्टा बांधलेला आणि त्याच्यावर तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा थर. दर वर्षी होळीच्या आधी आई जुनी तणीस काढून नवी अंथरायची. विडीच्या कामाने काळी पडलेली तिची बोटं तणसावर दाबून सोडायची. तणीस पुन्हा उचलून आली तर ठीक, नाही तर आणखी घालायची. एका वर्षी शेजाऱ्यांनी त्यांची जळणाची लाकडं आमच्या तट्ट्यावर ठेवायला मागितली. वडील भिडेखातर हो म्हणाले. तो उन्हाळा आम्ही घरात काढलाच नाही, समोरच्या कडुनिंबाखाली काढला. तट्टा तोच, टिन तेच, तणीसही तेवढीच. फक्त दबलेली.

मी हे सांगितलं तेव्हा हर्षा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी करते. उंचावर करते. लोकरीला हात न लावता."

"स्वतः?" रत्नदीप म्हणाला. "तू घरात खिळा ठोकलेला मी पाहिला नाही."

"तू ठोकू दिलास का कधी? तुला वाटतं भिंत तुझी आहे."

गोह आंटींकडे परवानगी मागायला एकता आणि मी गेलो. आंटी तुळशीसारख्या कसल्याशा रोपाला पाणी घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "कॅन, कॅन. बट डोन्ट प्रेस, आह. माय मदर्स रूम."

"हो म्हणतायत, आजी," एकता म्हणाली. "पण दाबू नका म्हणे."

मला एवढं इंग्रजी येतं, मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय. पण माझ्या कानात राहिलं ते वेगळंच. ती बाई त्या खोलीला अजून आईची खोली म्हणते.

काम शनिवार-रविवारी सकाळीच व्हायचं. कौलं तापायच्या आत वर जायचं आणि ऊन अंगणात उतरलं की खाली. हर्षाने आधी पोर्चमध्ये सगळं मांडून पाहिलं. लाकडाचे छोटे ठोकळे, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर प्लायवुडच्या फळ्या. शिंप्याने कच्ची शिलाई घालून अंगावर बघावं तसं. फळ्या झडपेतून जातील एवढ्याच रुंद कापून आणल्या होत्या. तोंडाला मास्क, लांब बाह्या, हातमोजे. वर फक्त तुळईवरच गुडघा टेकायचा, नाही तर छतातून पाय खाली. रत्नदीप मदतीला चढू लागला तर तिने त्याला दुसऱ्या पायरीवर अडवलं.

"वर फक्त हलकं सामान, रत्नदीप. तू त्यात बसत नाहीस."

एकता इतकी हसली की तिने धरलेली फळी सोडली.

विजेची एक वायर लोकरीखाली जात होती. तिच्यावर ठोकळा येऊ नये म्हणून हर्षाने एक ओळ पुन्हा सोडवून पुन्हा बसवली. कडेला, जिथे छप्पर उतरतं, तिथे फळ्या नेल्याच नाहीत. वारा खेळायला हवा म्हणाली. मी खालून नुसते आवाज ऐकायची. स्क्रू फिरल्याचा, थांबल्याचा, पुन्हा फिरल्याचा. घाई केल्याचा आवाज एकदाही आला नाही. मी अनेक माणसांना काम करताना पाहिलंय, पण कुणी बघत नसताना असं काम करणारी माणसं मला फार भेटली नाहीत.

पुरं झालं तेव्हा मी हट्ट धरला. रत्नदीपने मागून धरलं, हर्षाने वरून हात दिला, आणि मी झडपेतून डोकं वर काढलं. शेतातल्या मचाणासारखी ती फळ्यांची जागा आपल्या पायांवर उभी होती. खाली लोकर तशीच, फुगलेली. फळी आणि लोकर यांच्यामधून माझा हात आरपार गेला. मी लोकरीवर हलकेच तळवा दाबला आणि सोडला. ती उचलून आली. हातमोजा नव्हता, दिवसभर खाज सुटली. पण मला बघायचं ते मी पाहिलं होतं.

सुगत व्हॅन घेऊन आला, तेव्हा हर्षाने नियम सांगितला. "तुळया खोलीचं छत धरायला आहेत, कोठाराचं वजन पेलायला नाहीत. आईंनी एका हाताने उचलली तीच वस्तू वर जाईल."

"म्हणजे काकू आता तराजू," सुगत म्हणाला.

"बिनकाट्याचा," मी म्हटलं.

मी पोर्चमध्ये खुर्ची घेऊन बसले आणि एकेक खोकं उचलून दिलं. पताका वर. कंदील वर. पांढरी वस्त्रं दोन खोक्यांत वाटली, मग वर. खिरीची पातेली मला हलवतासुद्धा आली नाहीत. ती मंडळातल्या, सेंगकांगच्या अनघाकडे गेली. पुस्तकांचं खोकं आलं तेव्हा मी जरा लबाडी केली. पुस्तकं हॉलमध्ये आली तर एकताच्या अभ्यासाचं टेबल हलणार होतं. मी श्वास रोखून, चेहरा हसरा ठेवून ते उचललं.

"आई, कोपर थरथरतंय," हर्षा म्हणाली.

"ते वयाने."

"मग कंदिलाच्या वेळी का नाही थरथरलं?"

पुस्तकं हॉलमध्ये आली.

शेवटी मेणबत्त्यांचा खोका. सहज उचलला गेला. त्यातली एक मी काढून घेतली, माझ्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायला. रोज मी उदबत्तीच लावते; मेणबत्ती फक्त पौर्णिमेला. बाकीच्या वर गेल्या. सगळ्यांनी मान डोलावली. एकाच्याही डोक्यात काही आलं नाही, माझ्यासकट.

मग मे उजाडला. एका दुपारी वारा पडला आणि आकाश पांढरं झालं. मला झोप लागेना. पंख्याची हवाच ऊन. मी उठले, टॉवेल ओला केला आणि छातीवर टाकला. संध्याकाळी हर्षा येण्याआधी तो पिळून न्हाणीघरात दाराच्या मागे लपवला. तिने तो शोधलाच. ओल्या टॉवेलला वास असतो.

ती माझ्याकडे आली नाही. हॉलमध्ये रत्नदीपशी बोलताना मी ऐकलं.

"पौर्णिमा झाली की मी फळ्या काढते. कुठेतरी लोकर दबलीच असणार. मला दिसली नाही एवढंच."

"एका दुपारवरून?"

"सेंगकांगलाही एका दुपारीच सुरू झालं होतं."

"आणि सामान?"

"मंडळाला सांगू, दुसरी जागा बघा म्हणून. तिकीट जूनचं आहे, रत्नदीप. त्यांनी सांगितलंय, या वेळी गेल्या तर परत येणार नाहीत."

मी आत पलंगावर बसले होते. मला बाहेर जाऊन सांगता आलं असतं, की नाही गं, ठीक आहे सगळं. पण मलाच खात्री नव्हती. ऊन फळ्यांमुळे होतं की त्या दिवसामुळे, हे मला कसं कळावं? आणि खात्री नसताना तिच्या समाधानासाठी काही बोलणं म्हणजे तिच्या त्या सगळ्या सकाळींचा अपमान.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी सामान खाली काढलं. हर्षा वरून देत होती, एकता शिडीवरून घेत होती, मी पोर्चमध्ये लावत होते. पताका ठीक, कंदील ठीक. एकताने मेणबत्त्यांचा खोका उघडला.

"मम्मी, व्हाय दे ऑल लाइक दॅट?"

जत्रेहून परतणारी माणसं गाडीत एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपतात, तशा सगळ्या मेणबत्त्या एका बाजूला कलंडल्या होत्या. काही एकमेकींना चिकटल्या होत्या.

रत्नदीप हसायला लागला. "वजनात पास, उन्हात नापास."

हर्षा शिडीवरून उतरली. तिने एक वाकडी मेणबत्ती हातात घेतली आणि तिचा चेहरा पडला. "मी वजन बघत बसले. वर किती तापतं ते माझ्या डोक्यातच आलं नाही. लोकर खाली ऊन येऊ देत नाही, म्हणजे ते वर साठणारच की."

तिचं वाक्य संपायच्या आत मी खोलीकडे निघाले होते. मूर्तीपुढची मेणबत्ती उचलून आणली आणि टेबलावर उभी केली. तिच्या शेजारी ती वाकडी. एकाच खोक्यातल्या, एकाच दिवशी वेगळ्या झालेल्या. माझी काठीसारखी सरळ.

"ही महिनाभर माझ्या खोलीत आहे," मी म्हटलं. "त्या दुपारीसुद्धा होती."

मग मला आठवलं ते मी त्यांना सांगितलं. लाकडं ठेवली होती त्या वर्षी आईने बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती ठेवली होती. दुपारी तिने मान टाकली. आईने ओल्या तळव्यांमध्ये लाटून ती सरळ केली. दुसऱ्या दुपारी पुन्हा मान खाली. शेवटी आई म्हणाली, राहू दे, तीही नमस्कार करतेय. पुढच्या वर्षी लाकडं गेली, नवी तणीस आली, आणि मेणबत्ती उभी राहिली. छताचं ऊन जिथे खाली उतरतं, तिथे मेणबत्ती उभी राहत नाही.

हर्षा दोन्ही मेणबत्त्या बघत होती. "आई, याला पुरावा नाही म्हणता येणार. तुमच्या कामठीचं ऊन वेगळं. इथे खोलीत तेवढं तापत नाही, थोडी लोकर दबली असती तरी मेणबत्ती उभी राहिली असती कदाचित."

"तुझ्या प्रयोगशाळेत नसेल पुरत. माझ्या घरी एवढं पुरतं. आणि लोकर मी हात लावून पाहिलीय."

"मग त्या दिवशी टॉवेल?"

"त्या दिवशी गोह आंटीसुद्धा पायरीवर बसून पाय बादलीत सोडून होत्या. एकताला विचार."

"ट्रू, मम्मी," एकता म्हणाली. "एव्हरीबडी अल्सो हॉट, लाह."

हर्षाने स्क्रू काढायचं यंत्र, जे तिने आदल्या दिवशीच चार्ज करून टेबलावर ठेवलं होतं, उचललं आणि त्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवलं.

दुपारभर आम्ही बायका मेणबत्त्या सरळ करत बसलो. परातीत कोमट पाणी, एकेक मेणबत्ती बुडवायची आणि ओल्या तळव्यांत लाटायची. हर्षाचा हात पहिल्याच मेणबत्तीला बसला. माझी आई बोटं जशी किंचित वर उचलून लाटायची, तशीच ती लाटत होती, आणि तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. काही मेणबत्त्या थोड्या वाकड्या राहिल्याच. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये त्या पेटल्या तेव्हा कुणाला काही वेगळं दिसलं नाही. ज्योत काही वाकडी लागत नाही.

कार्यक्रमाहून परतल्यावर सामान पुन्हा वर गेलं. उरलेल्या मेणबत्त्यांचा खोका जमिनीवर राहिला.

"हा वर नको," हर्षा म्हणाली.

"माझ्या पलंगाखाली ठेव," मी म्हटलं.

"तुमच्या खोलीत खोकं नको असं ठरलंय ना?"

"हे खोकं नाही. हे पाहुणे आहेत. त्यांनाही वर सोसत नाही आणि एसी लागत नाही."

रत्नदीप बूट काढत होता. मान खाली घालूनच त्याने विचारलं, "आणि जूननंतर त्यांच्याकडे कोण बघणार?"

"ज्याची खोली तो बघेल," मी म्हटलं. "तिकिटाचं तेवढं तू बघ."

तो बूट हातात घेऊन तसाच बसला. हर्षाने खोका पायाने माझ्या खुर्चीपुढे सरकवला.

"आधी उचलून दाखवा," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

मी एका हाताने उचलला. तिने वाकून माझं कोपर पाहिलं, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि मगच खोलीचं दार उघडलं.